दंडावरचं औषध

नरकचतुर्दशीची पहाट. सांगलीला ताईकडे आम्ही सगळे जमलो होतो. इंग्लंडातून चार वर्षांनी दिवाळीला आलेली भाची पाटावर बसली होती आणि ताई तिला कोमट तेल लावत होती. मानेवरून खाली आलेला हात दंडावर थबकला. "अगं, हे काय? कुठं लागलं का?" दंडाच्या बाहेरच्या बाजूला एक चौकोनी पट्टी होती. कंपनीनं ती कातडीच्या रंगाची म्हणून केलेली, पण भाचीच्या सावळ्या दंडावर लांबूनही दिसत होती. तेलकट बोटांनी तिची एक कड उचलली गेली होती. "काही नाही गं आई," म्हणत भाचीनं टॉवेल ओढून घेतला. अर्ध्या तासानं मला स्वयंपाकघरात गाठून हळूच म्हणाली, "मावशी, माझा पॅच सुटायला लागलाय. वरून चिकटपट्टी लावू का?"

मी स्त्रीरोगतज्ज्ञ. तेव्हा फराळाच्या बशा भरता भरता तिला उत्तर दिलं आणि पुढचे दोन दिवस आमचं त्याच विषयावर बोलणं होत राहिलं. तिला पॅच लिहून देणाऱ्या नर्सनं सगळं नीट समजावलं होतं, पत्रकही दिलं होतं. पण ते समजावणं इंग्रजीतलं, दहा मिनिटांचं आणि तेलाच्या वाटीचा विचार न केलेलं. परदेशी राहणाऱ्या आपल्या कितीतरी मुली आज हा पॅच वापरतात. भारतात तो सरकारी कुटुंबनियोजनात नाही, औषधाच्या दुकानात सहजी मिळत नाही, त्यामुळे इथल्या आया-मावश्यांना त्याची माहिती नसते आणि मुलींना घरात विचारायला कुणी नसतं. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. त्या गोष्टीला शंभर वर्षं उलटून गेली. हे बोलणं आता मराठीत, मोकळ्या आवाजात व्हायला हवं.

आधी तो पॅच आहे काय, ते बघू. दिसायला जखमेवरच्या पट्टीसारखा, पण चिकट थरात दोन संप्रेरकं मिसळलेली असतात. एक इस्ट्रोजेन, दुसरं प्रोजेस्टोजेन. गर्भनिरोधक गोळीत असतात तीच जोडी. कातडीतून ती थोडी थोडी रक्तात उतरतात आणि बीजकोशातून बीज बाहेर पडणं थांबवतात. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो, त्यातून शुक्राणूंना वाट मिळत नाही. अमेरिकेत असा पहिला पॅच २००१ च्या नोव्हेंबरात मंजूर झाला, पुढच्या वर्षी युरोपात आला. ब्रिटनमध्ये तो एव्हरा नावानं मिळतो. अमेरिकेत झूलेन हे नाव जास्त ऐकू येतं, आणि २०२० मध्ये ट्विर्ला नावाचा वेगळ्या घटकांचा गोल पॅच मंजूर झाला. या सगळ्यांचे नियम बरेचसे सारखे असले तरी तंतोतंत एक नाहीत. म्हणून मैत्रिणीच्या पॅचचे नियम आपल्या पॅचला लावू नका. तुमच्या खोक्यातलं पत्रक तेवढं तुमचं.

भारतात राहणाऱ्या वाचकांसाठी इथंच एक सांगून ठेवते. पाळी जाण्याच्या वयातल्या त्रासासाठीही हॉर्मोनचे पॅच असतात. त्यांनी गर्भधारणा थांबत नाही. 'हॉर्मोनचा पॅच' एवढ्या नावावर कुणी आणून दिलेला पॅच लावू नका.

वापरायची रीत सोपी आहे. एक पॅच सात दिवस. मग तो काढून दुसरा, पुन्हा सात दिवस. मग तिसरा. चौथ्या आठवड्यात पॅच नाही, त्या आठवड्यात पाळीसारखं अंगावरून जातं. सात दिवस पुरे झाले की अंगावरून जात असलं तरी नवा पॅच लावायचा. म्हणजे सगळं एका वारावर चालतं. आपल्याकडे वार पाळायची सवय जुनीच आहे. भाचीचा वार गुरुवार, आजीच्या उपासाचाच वार तिनं मुद्दाम धरला, कारण तो तिच्या डोक्यात लहानपणापासून पक्का आहे. दिवसातली वेळ कुठलीही चालते. गोळीसारखी ठरावीक वेळ सांभाळावी लागत नाही, त्यामुळे लंडनहून मुंबईला आल्यावर घड्याळाची आकडेमोड नाही. प्रवासात उलट्या-जुलाब झाले तरी पॅचचं काम चालू राहतं. या दोन गोष्टींसाठी फिरतीच्या मुलींना तो आवडतो, आणि ते मला पटतं.

सुरुवात पाळीच्या पहिल्या दिवशी केली तर संरक्षण तिथूनच मिळतं. इतर दिवशी केली तर पहिले सात दिवस निरोध वापरा. पत्रकं थोडी मागेपुढे सांगतात, पण सात दिवसांचा हिशेब धरलात तर चूक होणार नाही.

लावायचा कुठं? दंडाची बाहेरची बाजू, पोट, नितंब किंवा पाठीचा वरचा भाग. ट्विर्ला असेल तर दंड सोडून बाकीच्या जागा. स्तनांवर कधीच नाही. कापलेल्या, खरचटलेल्या, खाजणाऱ्या कातडीवर नाही. आता यात आपल्या कपड्यांचा विचार पत्रकात सापडणार नाही. पोटावर लावायचा तर परकराची नाडी किंवा जीन्सचा पट्टा जिथं काचतो ती जागा सोडा. दंडावर लावायचा तर ब्लाउजच्या घट्ट बाहीची कड त्यावरून घासणार नाही असं बघा. पाठीवर ब्रेसियरच्या पट्ट्याखाली नको. दर वेळी जागा थोडी बदला, म्हणजे कातडी लाल होणार नाही.

आणि तेल. खोबरेल, बदाम तेल, उटणं, अंगाला लावायचं क्रीम, पावडर, यातलं काहीही पॅचच्या जागी नको, लावण्याआधीही नको आणि नंतर आसपासही नको. पॅच घामाला, आंघोळीला, पोहण्याला सहसा दाद देत नाही. तेलापुढे मात्र त्याचा चिकटपणा टिकत नाही. आंघोळ झाली की जागा कोरडी करा, पॅचच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा अर्धा कागद काढा, चिकट भागाला बोट न लावता तो अर्धा टेकवा, मग उरलेला कागद ओढा आणि तळव्यानं दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरा. मग कडेनं एकदा बोट फिरवा. रोज आंघोळीनंतर तेवढं एक बोट फिरवायची सवय ठेवलीत तर सुटलेली कड त्याच दिवशी कळेल. अभ्यंगाच्या दिवशी, लग्नाच्या हळदीला, मालिशवाली यायची असेल तेव्हा, पॅच अशा जागी असू द्या जिथं कुणाचा तेलाचा हात जाणार नाही.

भाचीच्या पॅचचं काय केलं? चिकटपट्टी लावायला मी नको म्हटलं. औषध कातडीत उतरतं ते पॅचच्या स्वतःच्या चिकट थरातून. वरून पट्टी ओढली तर पॅच जागेवर दिसेल, पण खालून सुटलेलाच राहील आणि आपण निर्धास्त होऊ. तिनं आजूबाजूचं तेल साबणानं धुतलं, टिपलं, दहा आकडे दाबून पाहिलं. कड पुन्हा उचलली. मग तिनं पुढच्या महिन्याच्या पाकिटातला एक पॅच काढला आणि नितंबावर लावला. वार तोच, गुरुवार. पॅच नवा असला तरी वार बदलायचा नाही. दोन पॅच एका वेळी अंगावर ठेवायचे नाहीत हेही तिला सांगितलं. म्हणूनच परदेशातून येताना एक पाकीट जास्तीचं आणा. इथं ऐनवेळी तो मिळणार नाही. आणा ते हातातल्या पिशवीत, बंद पाकिटातच ठेवा, फ्रिजमध्ये नको आणि उन्हात उभ्या गाडीतही नको.

सुटलेला पॅच किती वेळ चालतो, हा पुढचा प्रश्न. अर्धा सुटलेलाही सुटलेलाच धरायचा. ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा नियम ४८ तासांचा आहे. तेवढ्याच्या आत पुन्हा लावला आणि त्याआधीचे सात दिवस नीट गेले असतील, तर काळजी नाही. अमेरिकेतल्या पॅचचं पत्रक मात्र २४ तासच देतं. त्याहून जास्त वेळ गेला, किंवा कधी सुटला हेच माहीत नसेल, तर नवा पॅच लावून तिथून नवं चक्र मोजायचं, नवा वार धरायचा आणि सात दिवस निरोध वापरायचा. त्या आधीच्या पाच दिवसांत संबंध आला असेल तर आपत्कालीन गोळीबद्दल लगेच डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. विसरणं सगळं सारखं नसतं. दुसरा किंवा तिसरा पॅच बदलायला एखादा दिवस उशीर झाला तर बहुधा बिघडत नाही, कारण पॅचमध्ये सात दिवसांपलीकडेही थोडं औषध शिल्लक असतं. तिसरा पॅच काढायलाच विसरलात, तर आठवेल तेव्हा काढा आणि पुढचा ठरलेल्या वारी लावा, बस. पण मोकळ्या आठवड्यानंतरचा पहिला पॅच चुकणं वेगळं. त्या सात दिवसांत बीजकोशाला आवर घालणारं काही नसतं, आणि एखादं बीज वाढायला लागलेलं असतं. आठव्या दिवशी पॅच लागला की ते तिथंच थांबतं. नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत रिकामं राहिलं तर ते सुटून जाऊ शकतं. म्हणून ब्रिटनमध्ये या पॅचला ४८ तास उशीर झाला की सात दिवस जादा काळजी घ्यायला सांगतात आणि अमेरिकेतलं पत्रक तर कितीही थोडा उशीर झाला तरी ते सांगतं. नेमका हाच पॅच विसरला जातो. तीन आठवडे दर गुरुवारी हात चालत असतो, मग एक गुरुवार सुटीचा येतो, आणि सुटीची सवय लागते. फोनमध्ये एकच गजर लावायचा असेल तर सुटीनंतरच्या गुरुवारचा लावा.

असं सगळं नियमानं झालं तर वर्षभरात शंभरात एकीलाही दिवस राहत नाहीत. प्रत्यक्षात, माणसांच्या धांदलीत, सात ते नऊ जणींना राहतात. हा फरक जवळपास सगळा उशिरा लागलेल्या आणि सुटून गेलेल्या पॅचचा असतो.

भाऊबीजेला भाचीला सर्दी-खोकला झाला म्हणून आम्ही गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रीतसर विचारलं, "काही औषधं चालू आहेत?" ती लगेच म्हणाली, "नाही." मी तिच्याकडे बघितलं. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी औषध म्हणजे गोळी, इंजेक्शन, बाटली. दंडावर चिकटलेलं ते औषध, हे तिच्या मनात आलंच नाही. हीच गोष्ट मी माझ्या तपासणीच्या खोलीतही पाहते. सुटीवर आलेल्या मुली रक्तदाब, थायरॉइड सगळं सांगतात आणि पॅच राहून जातो. तो सोपा आहे म्हणून हलका वाटतो.

हलका तो नाही. २००५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या पॅचबद्दल इशारा दिला. ३५ मायक्रोग्रॅमच्या नेहमीच्या गोळीच्या मानानं या पॅचमधून शरीराला सरासरी ६० टक्के जास्त इस्ट्रोजेन मिळतं. इस्ट्रोजेननं शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. युरोपच्या औषध संस्थेनं दिलेले आकडे असे: गोळी, पॅच यातलं काही न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० स्त्रियांमध्ये वर्षाकाठी साधारण दोघींना गुठळी होते, लेव्होनॉर्जेस्ट्रेल असलेल्या गोळीवर पाच ते सात जणींना, पॅचवर सहा ते बारा जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका याहून जास्त असतो, हेही त्याच्या जोडीला लक्षात ठेवा. निरोगी तरुण मुलीनं हे आकडे वाचून घाबरून पॅच उपटून टाकायचं कारण नाही. पण ज्यांच्या बाबतीत धोका आधीच जास्त आहे त्यांनी तो लावायचाच नाही.

त्या कोण? पायात किंवा फुप्फुसात कधी गुठळी झालेल्या. आई-वडील, भावंडांपैकी कुणाला तरुण वयात झाली असेल तर तेही सांगावं. पस्तिशी ओलांडलेल्या आणि धूम्रपान करणाऱ्या. रक्तदाब जास्त असलेल्या. स्तनांचा कर्करोग, यकृताचा गंभीर आजार, हृदयविकार, पक्षाघात यांपैकी काही झालेल्या. मधुमेहानं डोळे, मूत्रपिंड बिघडलेल्या. आणि अर्धशिशी. इथं जरा थांबा. आपल्याकडे अर्धशिशीला 'डोकं धरतं' म्हणून मोडीत काढतात. दुखणं सुरू होण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा येतात का, नजरेचा एखादा भाग पुसल्यासारखा होतो का, हाताला किंवा ओठाला मुंग्या येतात का? एकदा जरी असं झालं असेल तर पॅच तुमच्यासाठी नाही, कारण अशा अर्धशिशीत इस्ट्रोजेननं पक्षाघाताचा धोका वाढतो. नर्सनं 'मायग्रेन आहे का' विचारलं आणि तुम्ही 'थोडं डोकं दुखतं' म्हणालात तर हा धागा तिथंच तुटतो. रेषांचं वर्णन करून सांगा.

वजन ९० किलोंच्या वर असेल तर पॅच कमी लागू पडण्याची शक्यता असते, आणि अमेरिकेत बॉडी मास इंडेक्स तीस किंवा त्याहून जास्त असणाऱ्यांना तो देत नाहीत. बाळंतपणानंतर पहिले तीन आठवडे कुणीच लावू नये. अंगावर पाजणाऱ्या आईनं पहिले सहा आठवडे अजिबात नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सहा महिन्यांपर्यंत टाळायला सांगतात. माहेरी बाळंतपणाला आलेल्या मुलींनी जुनं उरलेलं पाकीट उघडू नये.

इतर औषधांचंही बघायला हवं. क्षयरोगाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन पॅचचा परिणाम मोडून काढतं, आणि ते थांबवल्यावरही चार आठवडे तो दोष राहतो. फिट्सच्या काही गोळ्यांचं, फेनिटोइन, कार्बामॅझेपिन यांचं, तसंच. लॅमोट्रिजिनच्या बाबतीत उलटं होतं, पॅचमुळे त्या गोळीचीच रक्तातली मात्रा कमी होते आणि फिट येऊ शकते. नेहमीच्या अँटिबायोटिक्सनं मात्र काही होत नाही. भाचीला ती एका मैत्रिणीनं उगाच भीती घातली होती.

आणखी एक आपल्या घरातली गोष्ट. गौरी-गणपती, सत्यनारायण, लग्नकार्य आलं की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घ्यायची पद्धत आहे. पॅच असताना त्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नका. त्या वेगळ्या हॉर्मोनच्या असतात, आणि त्यातल्या नेहमीच्या नोरेथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. पाळी टाळायचीच असेल तर मोकळा आठवडा वगळून पुढचा पॅच लावता येतो. ब्रिटनमधले डॉक्टर अशी पद्धत हल्ली सुचवतातही. पण निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

पहिले दोन-तीन महिने छाती हुळहुळणं, मळमळ, डोकं दुखणं, मधूनच डाग पडणं, पॅचखाली खाज येणं हे चालतं आणि बहुतेकींचं ओसरतं. पॅचनं वजन वाढतं याला पुरावा नाही. पुढे मूल होणार नाही ही भीतीही खोटी. पॅच बंद केला की बीज सुटणं पुन्हा सुरू होतं, काही जणींच्या बाबतीत लगेचच. लैंगिक आजारांपासून पॅच वाचवत नाही, त्याला निरोधच लागतो.

पण एकाच पोटरीत दुखणं आणि सूज, छातीत कळ, एकाएकी लागलेली धाप, कधी नव्हे असं डोकं फुटणं, नजर अंधारणं, बोलताना जीभ अडखळणं, डोळे पिवळे होणं, यातलं काहीही झालं तर थेट इस्पितळ गाठा. विमानात नऊ-दहा तास बसायचं असतं तेव्हा दर तासा-दोन तासांनी उठून चाला, पाणी प्या, आणि घरी आल्यावर पोटरी दुखली तर 'प्रवासानं अवघडली' म्हणून तेल चोळत बसू नका. मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर चार आठवडे आधी पॅचबद्दल सर्जनशी बोला.

काढलेल्या पॅचमध्ये औषध उरलेलं असतं. चिकट बाजू आत घालून दुमडा आणि कचऱ्यात टाका, कमोडमध्ये नाही. घरात रांगतं मूल असेल तर टोपलीला झाकण हवं. कडेला राहिलेली काळी चिकट रेघ थोड्या तेलानं निघते, तेल उपयोगी पडतं ते इथं.

कुणी भारतात कायमचं परतत असेल तर पॅचचा हट्ट सोडून द्या. सरकारी दवाखान्यात तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, आठवड्याची छाया गोळी, माला-एन हे सगळं मोफत आहे. पाकिटं संपायच्या आधी येऊन भेटा, म्हणजे मध्ये खंड पडणार नाही.

भाचीनं परत जाताना ताईला सगळं सांगितलं. ताईनं एवढंच विचारलं, "मग तेल लावू की नको?" पॅच सोडून लाव, असं ठरलं.

आणि तुम्ही, कुठल्याही देशात, कुठल्याही डॉक्टरांपुढे बसलात आणि त्यांनी "काही औषध चालू आहे का?" विचारलं, तर 'हो' म्हणा, पॅचचं नाव सांगा, किती महिने लावताय ते सांगा. नाव आठवत नसेल तर बाही वर करून दाखवा.